एर्नेस्ट विलिमोव्स्की

एर्नेस्ट ओटो विलिमोव्स्की (जन्मनाव: एर्न्स्ट ओटो प्रांडेला, जन्म: २३ जून १९१६, कातोवित्से, मृत्यू: ३० ऑगस्ट १९९७, कार्ल्सरूह, जर्मनी) हे विसाव्या शतकातील एक विख्यात फुटबॉलपटू होते. ते प्रथम पोलंडच्या आणि नंतर जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळले. पोलंडकडून त्यांनी २२ सामन्यांत २१ गोल केले, तर जर्मनीकडून ८ सामन्यांत १३ गोल केले. १९३८ च्या विश्वचषक स्पर्धेत ब्राझीलविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात चार गोल नोंदवले. विश्वचषकाच्या इतिहासातील ही अशा प्रकारची पहिली कामगिरी मानली जाते.

आघाडीच्या फळीत डावीकडे आतल्या बाजूला खेळणारे विलिमोव्स्की चेंडूवरील ताबा, चकवा देण्याचे कौशल्य आणि गोलासमोरील थंड डोके यांसाठी ओळखले जात. सहकारी व प्रेक्षक त्यांना ‘एझी’ या नावाने हाक मारत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मनीकडून खेळल्यामुळे युद्धोत्तर पोलंडमध्ये त्यांना देशद्रोही ठरवण्यात आले आणि अनेक दशके त्यांचे नाव तेथे क्वचितच घेतले गेले. त्यांच्या जन्मगावी राज्यसत्ता वारंवार बदलत गेली. त्यामुळे त्यांचे चरित्र हे अप्पर सिलेसिया या सीमाप्रदेशाच्या इतिहासाशी घट्ट जोडलेले आहे.

पार्श्वभूमी

विलिमोव्स्की यांचा जन्म झाला तेव्हा कातोवित्से हे शहर ‘काटोविट्झ’ या नावाने जर्मन साम्राज्यात होते. कोळशाच्या खाणी आणि पोलाद कारखाने यांमुळे अप्पर सिलेसियाला मोठे आर्थिक महत्त्व होते. तेथील लोकसंख्येत जर्मन भाषक, पोलिश भाषक आणि दोन्ही भाषांचे संस्कार असलेली स्थानिक सिलेसियन बोली बोलणारे असे सर्व प्रकारचे लोक होते. पुष्कळ कुटुंबांत एकाच घरात या तिन्ही भाषा ऐकू येत. आपण जर्मन की पोलिश या प्रश्नापेक्षा आपण सिलेसियन आहोत ही ओळख अनेकांना अधिक जवळची वाटे.

पहिल्या महायुद्धानंतर या प्रदेशावर जर्मनी आणि नव्याने स्वतंत्र झालेला पोलंड या दोघांनीही हक्क सांगितला. १९१९, १९२० आणि १९२१ या वर्षी तेथे तीन पोलिश उठाव झाले आणि मार्च १९२१ मध्ये सार्वमत घेण्यात आले. १९२२ मध्ये प्रदेशाची फाळणी होऊन कातोवित्सेसह पूर्वेकडील औद्योगिक पट्टा पोलंडला मिळाला. त्या वेळी विलिमोव्स्की सहा वर्षांचे होते. त्यांच्या कुटुंबाने घर बदलले नाही, मात्र ते एका देशातून दुसऱ्या देशात गेले होते.

या विभागणीचे प्रतिबिंब फुटबॉलमध्येही पडले. १९०५ साली स्थापन झालेला १. एफसी काटोविट्झ हा क्लब जर्मन अल्पसंख्याकांचा क्लब मानला जाई. पोलंडची राष्ट्रीय साखळी स्पर्धा १९२७ साली प्रथमच भरवण्यात आली, तेव्हा हा क्लब क्राकूफच्या विस्वा संघाखालोखाल दुसरा आला. याउलट शेजारच्या वेल्किए हाय्दुकी या औद्योगिक वस्तीत एप्रिल १९२० मध्ये स्थापन झालेला रुख हा क्लब पोलिश चळवळीचे प्रतीक समजला जाई. ‘रुख’ या पोलिश शब्दाचा अर्थच चळवळ किंवा हालचाल असा आहे.

बालपण

विलिमोव्स्की यांचे जन्मदाते वडील जर्मन सैन्यात होते व पहिल्या महायुद्धात पूर्व आघाडीवर मारले गेले. आई पाउलिना हिने पुढे रोमान विलिमोव्स्की यांच्याशी विवाह केला. १९२९ मध्ये सावत्र वडिलांनी त्यांना रीतसर दत्तक घेतले आणि एर्न्स्ट प्रांडेलाचा एर्नेस्ट विलिमोव्स्की झाला. घरात मुख्यतः जर्मन बोलली जाई, तर रस्त्यावर आणि मैदानावर सिलेसियन बोलीचा वापर होई. पुढील आयुष्यात विलिमोव्स्की स्वतःची ओळख प्रामुख्याने अप्पर सिलेसियन अशीच करून देत असत.

बालवयातच ते १. एफसी काटोविट्झ या क्लबात दाखल झाले. शरीराने ते फारसे धिप्पाड नव्हते, पण तोल, वेग आणि अचानक दिशा बदलण्याची हातोटी त्यांना उपजतच लाभली होती. त्यांच्या उजव्या पायाला सहा बोटे होती, असे त्यांच्याविषयीच्या लेखनात आवर्जून नमूद केलेले आढळते.

रुख क्लबातील कारकीर्द

१९३४ च्या प्रारंभी, वयाच्या सतराव्या वर्षी, विलिमोव्स्की यांनी १. एफसी काटोविट्झ सोडून रुखमध्ये प्रवेश केला. जर्मन अल्पसंख्याकांच्या क्लबातून पोलिश चळवळीशी जोडलेल्या क्लबात झालेले हे स्थलांतर त्या काळी लक्षवेधी ठरले. रुखने आदल्या वर्षी प्रथमच राष्ट्रीय विजेतेपद मिळवले होते.

पहिल्याच हंगामात विलिमोव्स्की यांनी साखळी स्पर्धेत ३३ गोल करून सर्वाधिक गोल करणाऱ्या खेळाडूचा मान मिळवला आणि रुखने विजेतेपद राखले. तेओदोर पेतेरेक, गेरार्द वोदाश आणि विलिमोव्स्की या तिघांची आघाडी पोलंडमधील सर्वांत धोकादायक आघाडी मानली जाऊ लागली. पेतेरेक हे मध्यभागी उभे राहून डोक्याने गोल करण्यात निष्णात होते, वोदाश डाव्या कडेने धावत चेंडू आत देत, तर विलिमोव्स्की या दोघांमधील मोकळ्या जागेत शिरून बचावपटूंना चकवीत. तिघेही सिलेसियातच वाढलेले होते.

विलिमोव्स्की यांच्या सहभागाने रुखने १९३४, १९३५, १९३६ आणि १९३८ या चार वर्षी राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. १९३६ मध्ये १८ गोलांसह विलिमोव्स्की आणि पेतेरेक हे दोघे संयुक्तपणे सर्वाधिक गोल करणारे ठरले. पोलंडच्या साखळी स्पर्धेत विलिमोव्स्की यांनी एकूण ८६ सामन्यांत ११२ गोल केले. सरासरी प्रत्येक सामन्यात एकाहून अधिक गोल, असे हे प्रमाण आहे.

२१ मे १९३९ रोजी युनियन-टूरिंग वुच या संघाविरुद्ध रुखने १२–१ असा विजय मिळवला. त्या सामन्यात एकट्या विलिमोव्स्की यांनी दहा गोल केले. पोलंडच्या सर्वोच्च साखळीत एका खेळाडूने एका सामन्यात केलेल्या गोलांचा हा विक्रम आहे. त्या वर्षी ते २६ गोलांसह आघाडीवर होते आणि रुख गुणतक्त्यात अग्रस्थानी होता. परंतु सप्टेंबरमध्ये युद्ध सुरू झाल्याने हा हंगाम पूर्ण होऊ शकला नाही.

पोलंडच्या राष्ट्रीय संघात

२१ मे १९३४ रोजी कोपनहेगन येथे डेन्मार्कविरुद्ध विलिमोव्स्की यांनी राष्ट्रीय संघातर्फे पदार्पण केले. त्या वेळी त्यांना अठरा वर्षे पूर्ण झाली नव्हती. पोलंडने तो सामना २–४ असा गमावला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वॉर्सा येथे जर्मनीविरुद्ध झालेल्या सामन्यात पोलंडला २–५ असा पराभव पत्करावा लागला. त्यातील पोलंडच्या दोन गोलांपैकी एक विलिमोव्स्की यांचा होता. ज्या संघाविरुद्ध हा गोल झाला, त्याच संघाचा पोशाख सात वर्षांनी त्यांच्या अंगावर येणार होता.

मैदानाबाहेरील त्यांचे वर्तन नेहमीच शिस्तीला धरून नव्हते. मद्यपान व बेशिस्त या कारणांवरून पोलिश फुटबॉल संघटनेने त्यांच्यावर बंदी घातली आणि त्यामुळे त्यांना १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला मुकावे लागले. पोलंडचा संघ त्या स्पर्धेत उपांत्य फेरीत ऑस्ट्रियाकडून १–३ असा आणि तिसऱ्या स्थानासाठीच्या सामन्यात नॉर्वेकडून २–३ असा हरला. विलिमोव्स्की संघात असते तर पोलंडला पदक मिळाले असते का, ही चर्चा पोलिश फुटबॉलच्या अभ्यासकांत पुढे दीर्घकाळ चालत राहिली.

बंदी उठल्यावर निवडप्रमुख युझेफ कावुझा यांनी त्यांना पुन्हा संघात घेतले. १९३८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत पोलंडने युगोस्लाव्हियाला वॉर्सा येथे ४–० असे हरवले. बेलग्रेड येथील परतीचा सामना ०–१ असा गमावूनही पोलंड पात्र ठरला. विश्वचषकात भाग घेण्याची पोलंडची ही पहिलीच वेळ होती.

१९३८ चा विश्वचषक

१९३८ ची विश्वचषक स्पर्धा फ्रान्समध्ये बाद पद्धतीने खेळवली गेली. एका पराभवाने स्पर्धेतील वाटचाल संपत असे. ५ जून १९३८ रोजी स्ट्रासबर्गच्या मेनो मैदानावर पोलंडची गाठ ब्राझीलशी पडली.

ब्राझीलच्या लिओनिदास यांनी १८ व्या मिनिटाला पहिला गोल केला. थोड्याच वेळात विलिमोव्स्की चेंडू घेऊन गोलक्षेत्रात शिरले असता त्यांना पाडण्यात आले. मिळालेल्या पेनल्टीवर फ्रिदेरिक शेर्फके यांनी बरोबरी साधली. मध्यंतरापर्यंत मात्र ब्राझीलने ३–१ अशी आघाडी घेतली. दुसऱ्या सत्रात विलिमोव्स्की यांनी ५३ व्या आणि ५९ व्या मिनिटाला गोल करून ३–३ अशी बरोबरी केली. ७१ व्या मिनिटाला पेरासियो यांनी ब्राझीलला पुन्हा पुढे नेले, तर ८९ व्या मिनिटाला विलिमोव्स्की यांनी तिसरा गोल करून सामना ४–४ असा जादा वेळेत नेला.

जादा वेळेत लिओनिदास यांनी आणखी दोन गोल केले. ११८ व्या मिनिटाला विलिमोव्स्की यांनी आपला चौथा गोल केला, परंतु तेवढ्याने भागले नाही. ब्राझीलने सामना ६–५ असा जिंकला. पोलंडच्या पाचही गोलांत विलिमोव्स्की यांचा वाटा होता. चार त्यांनी स्वतः केले होते आणि पाचव्यासाठीची पेनल्टी त्यांच्यामुळे मिळाली होती.

ब्राझीलने त्या स्पर्धेत पुढे तिसरे स्थान मिळवले. पोलंडचा संघ एकच सामना खेळून मायदेशी परतला. विश्वचषकाच्या एका सामन्यात पाच गोल करण्याचा पराक्रम १९९४ मध्ये रशियाच्या ओलेग सालेंको यांनी केला. तोपर्यंतच्या ५६ वर्षांत चार गोलांचा टप्पा गाठणारे आडेमिर, कोचिश, फाँतेन, युसेबिओ आदी खेळाडू विजयी संघांतील होते. विलिमोव्स्की यांचे चार गोल मात्र पराभूत संघाच्या खात्यावर नोंदले गेले.

युद्धापूर्वीचा शेवटचा सामना

२७ ऑगस्ट १९३९ रोजी वॉर्सा येथे पोलंड आणि हंगेरी यांच्यात सामना झाला. हंगेरीचा संघ आदल्या वर्षीच्या विश्वचषकाचा उपविजेता होता आणि त्याचेच पारडे जड मानले जात होते. हंगेरीने दोन गोलांची आघाडी घेतली. त्यानंतर विलिमोव्स्की यांनी तीन गोल केले. एक पेनल्टीही त्यांच्यामुळे मिळाली आणि तिच्यावर लेओनार्द प्योंतेक यांनी गोल केला. पोलंडने ४–२ असा विजय मिळवला.

पाच दिवसांनी, १ सप्टेंबर १९३९ रोजी, जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. हंगेरीविरुद्धचा हा सामना युद्धपूर्व पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा अखेरचा सामना ठरला आणि विलिमोव्स्की यांचाही पोलंडकडून खेळलेला तो अखेरचा सामना होता. तेव्हा त्यांचे वय २३ होते.

युद्धकाळ

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातच जर्मन सैन्याने कातोवित्से ताब्यात घेतले. अप्पर सिलेसिया थेट जर्मन राज्यात विलीन करण्यात आला. पोलिश भाषेच्या सार्वजनिक वापरावर बंदी आली आणि पोलिश क्लब बरखास्त झाले. रुखच्या जागी बिस्मार्कह्युटर एसव्ही ९९ या जर्मन नावाचा संघ उभा करण्यात आला, तर १. एफसी काटोविट्झ या क्लबाला नव्या सत्तेने महत्त्वाचे स्थान दिले. विलिमोव्स्की आपल्या या जुन्या क्लबात परतले.

विलीन केलेल्या प्रदेशांतील रहिवाशांची ‘जर्मन लोकसूची’ नावाच्या यादीत चार वर्गांत नोंद केली जाई. अप्पर सिलेसियात ही नोंद मोठ्या प्रमाणावर सक्तीने झाली. नकार देणाऱ्यांना मालमत्ता जप्त होण्याचा, हद्दपारीचा किंवा छळछावणीचा धोका असे. कातोवित्सेचे बिशप स्तानिस्वाव आदाम्स्की यांनीही लोकांनी जीव वाचवण्यासाठी स्वतःला जर्मन म्हणवून घ्यावे, अशी भूमिका घेतली होती. या नोंदीमुळे तेथील लक्षावधी लोक या यादीत आले आणि त्यांतील तरुणांना जर्मन सैन्यात भरती व्हावे लागले. रुखचे अनेक खेळाडूही याला अपवाद नव्हते.

उर्वरित पोलंडमधील परिस्थिती वेगळी होती. तेथे पोलिश नागरिकांना संघटित खेळात भाग घेण्यास मनाई होती. क्राकूफ आणि वॉर्सा येथे खेळाडू पकडले जाण्याचा धोका पत्करून गुप्तपणे सामने भरवत. १९३८ च्या विश्वचषकासाठी निवडलेल्या पोलिश खेळाडूंत विस्वा क्राकूफचे अंतोनी विको यांचाही समावेश होता. त्यांना जुलै १९४१ मध्ये ऑशविट्झ छळछावणीत गोळ्या घालून ठार करण्यात आले. विलिमोव्स्की यांनी जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून पदार्पण केले, त्याला तेव्हा जेमतेम एक महिना झाला होता. युद्धानंतर पोलंडमध्ये विलिमोव्स्की यांच्याविषयी जी तीव्र भावना निर्माण झाली, तिचे मूळ अशा घटनांत आहे.

१९४० मध्ये विलिमोव्स्की सिलेसिया सोडून सॅक्सनीतील केम्नित्स येथे गेले. तेथे पोलिसांच्या पीएसव्ही केम्नित्स या क्लबाकडून ते खेळू लागले. पोलिस दलातील या नेमणुकीमुळे ते प्रत्यक्ष युद्धआघाडीपासून दूर राहिले. जर्मनीचे राष्ट्रीय प्रशिक्षक सेप हर्बर्गर यांनी त्यांची संघात निवड केली. १ जून १९४१ रोजी बुखारेस्ट येथे रोमानियाविरुद्ध त्यांचे पदार्पण झाले. जर्मनीने ४–१ असा विजय मिळवला आणि त्यांत विलिमोव्स्की यांचे दोन गोल होते. ऑक्टोबर १९४१ मध्ये हेलसिंकी येथे फिनलंडविरुद्ध त्यांनी तीन गोल केले. १८ ऑक्टोबर १९४२ रोजी बर्न येथे स्वित्झर्लंडविरुद्ध जर्मनीने मिळवलेल्या ५–३ अशा विजयात चार गोल त्यांचे होते. या काळात फ्रिट्झ वाल्टर हे त्यांचे आघाडीतील सहकारी होते. पुढे १९५४ मध्ये पश्चिम जर्मनीला विश्वचषक जिंकून देणाऱ्या संघाचे ते कर्णधार झाले.

१९४२ मध्ये विलिमोव्स्की १८६० म्युनिक या क्लबात दाखल झाले. जर्मन चषक स्पर्धा तेव्हा चामर चषक या नावाने ओळखली जाई. त्या वर्षीच्या स्पर्धेत त्यांनी १४ गोल केले. १५ नोव्हेंबर १९४२ रोजी बर्लिनच्या ऑलिंपिक मैदानावर झालेल्या अंतिम सामन्यात म्युनिकच्या संघाने त्या काळातील बलाढ्य शाल्के ०४ संघाला २–० असे पराभूत केले. पहिला गोल विलिमोव्स्की यांचा होता. १८६० म्युनिकच्या इतिहासातील हे पहिले मोठे राष्ट्रीय विजेतेपद होते.

नोव्हेंबर १९४२ नंतर युद्धपरिस्थितीमुळे जर्मनीचे आंतरराष्ट्रीय सामने बंद पडले. पुढचा सामना थेट नोव्हेंबर १९५० मध्ये झाला. तोपर्यंत विलिमोव्स्की ३४ वर्षांचे झाले होते. खेळाडूच्या आयुष्यातील सर्वोत्तम मानली जाणारी आठ वर्षे अशा रीतीने आंतरराष्ट्रीय फुटबॉलविना गेली.

आईचा कारावास

जर्मन संघात स्थान मिळाले तरी विलिमोव्स्की यांच्या कुटुंबाला संरक्षण मिळाले नाही. एका रशियन ज्यू व्यक्तीशी असलेल्या संबंधांच्या कारणावरून त्यांच्या आईला अटक करून ऑशविट्झ छळछावणीत पाठवण्यात आले. नामांकित जर्मन लढाऊ वैमानिक हेर्मान ग्राफ हे स्वतः फुटबॉलपटू होते व खेळाडूंशी त्यांची मैत्री होती. त्यांच्या मध्यस्थीमुळे पाउलिना यांची सुटका झाली, असे विलिमोव्स्की यांच्या चरित्रांत नमूद आहे. मुलगा जर्मनीसाठी गोल करीत असताना आई त्याच राजवटीच्या छावणीत कैदेत होती. त्यांच्या युद्धकालीन वर्तनाचा विचार करताना अलीकडील लेखक या घटनेची विशेष दखल घेतात.

युद्धोत्तर कारकीर्द

१९४५ मध्ये अप्पर सिलेसिया संपूर्णपणे पोलंडकडे आला आणि तेथे साम्यवादी सत्ता स्थापन झाली. लोकसूचीतील खालच्या वर्गांत नोंद झालेल्या अनेक सिलेसियनांना चौकशीनंतर पोलिश नागरिकत्व परत मिळाले व ते पुन्हा खेळूही लागले. विलिमोव्स्की यांच्यासाठी हा मार्ग उपलब्ध नव्हता. शत्रुराष्ट्राच्या राष्ट्रीय संघाचा पोशाख घातल्यामुळे ते देशद्रोही ठरले होते. परतल्यास शिक्षा अटळ होती, म्हणून ते जर्मनीतच राहिले.

यानंतर सुरू झाली ती अनेक गावांतील भटकंती. युद्धानंतर काही काळ केम्नित्समध्ये खेळून ते पश्चिमेकडे गेले. हामेलन, डेटमोल्ड, आउग्सबर्ग, ऑफेनबर्ग आणि झिंगन अशा ठिकाणच्या संघांकडून ते खेळले. युद्धोत्तर जर्मनीत अन्नधान्य, घर आणि रोजगार यांची टंचाई होती. क्लबाकडून मिळणारे मानधन, नोकरी किंवा निवारा यांवर अनेक खेळाडूंची गुजराण चाले.

१९५१ पासून काही वर्षे ते व्हीएफआर कायझर्सलाउटर्न या क्लबात होते. त्याच शहरातील १. एफसी कायझर्सलाउटर्न हा क्लब तेव्हा जर्मनीतील अग्रगण्य क्लबांपैकी होता. १९५४ च्या विश्वविजेत्या संघाच्या अंतिम सामन्यातील पाच खेळाडू त्या क्लबाचे होते. फ्रिट्झ वाल्टर यांच्यासह ते विश्वचषक घेऊन परतले, तेव्हा त्यांचे जुने सहकारी विलिमोव्स्की, वयाची अडतिशी गाठलेले, शहरातील दुसऱ्या, तुलनेने लहान क्लबात खेळत होते.

त्यांच्या खेळाडू म्हणून कारकिर्दीचा शेवट केल या गावाच्या संघात झाला. चाळिशी ओलांडेपर्यंत ते तेथे मैदानात उतरत राहिले. केल हे गाव ऱ्हाइन नदीच्या जर्मन तीरावर आहे आणि नदीच्या पैलतीरावर स्ट्रासबर्ग शहर आहे. १९३८ मध्ये ब्राझीलविरुद्ध त्यांनी चार गोल केले ते मैदान तेथून काही किलोमीटरच्या अंतरावर होते.

उत्तरायुष्य आणि मृत्यू

निवृत्तीनंतर विलिमोव्स्की कार्ल्सरूह येथे स्थायिक झाले व सामान्य नागरिकाचे जीवन जगले. १९७४ ची विश्वचषक स्पर्धा पश्चिम जर्मनीत झाली. पोलंडच्या संघाचा मुक्काम श्टुटगार्टजवळच्या मुरहार्ट येथे होता आणि त्या संघाने तिसरे स्थान मिळवले. विलिमोव्स्की यांनी पोलिश खेळाडूंना भेटण्याचा प्रयत्न केला, परंतु पोलिश अधिकाऱ्यांनी ती भेट होऊ दिली नाही, असे सांगितले जाते.

१९८९ मध्ये पोलंडमधील साम्यवादी राजवट संपुष्टात आल्यावर वातावरण काहीसे निवळले. १९९५ मध्ये रुख क्लबाने आपल्या पंचाहत्तराव्या वर्धापनदिनाचे निमंत्रण त्यांना पाठवले. त्या निमंत्रणावर पोलंडमध्ये टीकाही झाली. विलिमोव्स्की या समारंभाला जाऊ शकले नाहीत. युद्धकाळात सोडलेल्या जन्मभूमीत ते पुन्हा कधीच परतले नाहीत.

३० ऑगस्ट १९९७ रोजी वयाच्या ८१ व्या वर्षी कार्ल्सरूह येथे त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

साम्यवादी काळातील पोलिश क्रीडालेखनात विलिमोव्स्की यांचा उल्लेख टाळला जाई किंवा तो निंदेच्या स्वरात केला जाई. आकडेवारी पुसणे मात्र शक्य नव्हते. राष्ट्रीय संघाकडून केलेल्या त्यांच्या २१ गोलांचा विक्रम पुढे रुखच्याच गेरार्द चेश्लिक यांनी मोडला. साखळी सामन्यातील दहा गोल आणि स्ट्रासबर्ग येथील चार गोल यांच्या नोंदी कायम राहिल्या. विलिमोव्स्की यांनी संपूर्ण कारकिर्दीत एक हजाराहून अधिक गोल केले, असा दावा काही ठिकाणी केला जातो. मैत्रीपूर्ण व स्थानिक सामने त्यात धरलेले असल्यामुळे हा आकडा अधिकृत मानला जात नाही.

त्यांच्याविषयीची मते आजही विभागलेली आहेत. टीकाकारांच्या मते, लोकसूचीत नाव येणे आणि आक्रमक राष्ट्राचा राष्ट्रीय संघ स्वीकारणे यांत मोठा फरक आहे. पोलिश खेळाडूंचे बळी जात असताना त्या राजवटीच्या प्रतिष्ठेत भर घालणे समर्थनीय ठरत नाही, असे ते मानतात. सहानुभूतीने पाहणारे अभ्यासक त्यांचा जर्मनभाषक जन्म, सीमाप्रदेशातील संमिश्र ओळख, नकाराचे संभाव्य परिणाम आणि आईचा कारावास यांकडे लक्ष वेधतात. ज्या प्रदेशाने लोकांवर नागरिकत्व लादले, तेथील माणसाला एकाच राष्ट्राच्या निष्ठेच्या मापाने मोजणे अपुरे आहे, असे त्यांचे म्हणणे आहे. विलिमोव्स्की नाझी पक्षाच्या विचारसरणीने प्रेरित होते, असे मात्र सहसा मानले जात नाही. त्यांना प्रामुख्याने फुटबॉल खेळायचा होता, या मुद्द्यावर दोन्ही बाजूंचे बऱ्याच अंशी एकमत आहे.

एकविसाव्या शतकात हा विषय पुन्हा चर्चेत आला. ओपोले येथे जन्मलेले मिरोस्लाव्ह क्लोझे आणि ग्लिवित्से येथे जन्मलेले लुकास पोडोल्स्की हे दोघेही सिलेसियन पार्श्वभूमीचे खेळाडू जर्मनीच्या राष्ट्रीय संघाकडून खेळले. २००८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत जर्मनीने पोलंडला २–० असे हरवले, तेव्हा दोन्ही गोल पोडोल्स्की यांनी केले. त्या वेळी पोलंडमधील वर्तमानपत्रांत विलिमोव्स्की यांच्या आयुष्याची आठवण नव्याने काढली गेली. शांततेच्या काळात कुटुंबासह स्थलांतर केलेले हे खेळाडू आणि युद्धाच्या काळात पोशाख बदललेले विलिमोव्स्की यांची परिस्थिती सारखी नव्हती. तरीही सीमेवर जन्मलेल्या खेळाडूने कोणत्या देशाचा म्हणून ओळखले जावे, हा त्यांच्या आयुष्याने उपस्थित केलेला प्रश्न या निमित्ताने नव्या पिढीपर्यंत पोहोचला.

कारकिर्दीचा संक्षिप्त आढावा

- १९३४ पर्यंत: १. एफसी काटोविट्झ
- १९३४–१९३९: रुख (वेल्किए हाय्दुकी, नंतरचे खोझूव), ८६ साखळी सामने, ११२ गोल
- १९३९–१९४०: १. एफसी काटोविट्झ
- १९४०–१९४२: पीएसव्ही केम्नित्स
- १९४२–१९४४: १८६० म्युनिक
- युद्धोत्तर काळ: केम्नित्स, हामेलन, डेटमोल्ड, आउग्सबर्ग, ऑफेनबर्ग, झिंगन, कायझर्सलाउटर्न आणि केल येथील संघ
- पोलंडचा राष्ट्रीय संघ (१९३४–१९३९): २२ सामने, २१ गोल
- जर्मनीचा राष्ट्रीय संघ (१९४१–१९४२): ८ सामने, १३ गोल
- विजेतेपदे: पोलंडची राष्ट्रीय साखळी (१९३४, १९३५, १९३६, १९३८), जर्मन चषक (१९४२)